विहंगरावांची झाडं

मटार अर्धे सोलून झाले होते. टरफलं एका बाजूला, दाणे परातीत, अशी मी स्वयंपाकघरात फरशीवर फतकल मारून बसले होते, तेवढ्यात जाऊबाई जिना चढून वर आल्या. हातात डबा होता आणि तो भरलेला होता. रिकामा डबा त्या काखोटीला मारतात, भरलेला दोन्ही हातांनी छातीशी धरतात. म्हणजे गेल्या तशाच परत आल्या होत्या.

"बोळाला दार बसवलंय," त्या म्हणाल्या. "कुलूप घातलंय."

"कुणी?"

"गोदामवाल्यानं. आतून नोकर ओरडला, खाजगी जागा आहे, वळसा घालून जा."

"आणि आई?"

"उपाशी," त्या म्हणाल्या आणि डबा ओट्यावर ठेवून तिथेच भिंतीला टेकल्या.

आमच्या इमारतीच्या मागून एक बोळ जातो. समोरून कुणी आलं तर दोघांपैकी एकाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एवढाच रुंद. गोदामवाल्याच्या भिंतीला घासून तो पलीकडे निघतो आणि तिथे वृद्धाश्रम आहे. खालच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर जाऊबाईंची आई असते. झटका आल्यापासून म्हातारीला बोलता येत नाही आणि लेकीच्या हाताशिवाय ती कुणाच्या हातचा घास घेत नाही. नर्सने लाडीगोडी लावून पाहिली, दटावून पाहिलं. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात, तेही करून पाहिलं. म्हातारीने ती म्हणसुद्धा खोटी पाडली. जाऊबाई समोर बसल्या की मात्र तोंड आपोआप उघडतं. म्हणून रोज दुपारी डबा, आणि म्हणून बोळ. वळसा घालायचा तर मोठ्या रस्त्याने जाऊन रेल्वेचा पूल चढायचा आणि उतरायचा, आणि जाऊबाईंच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकलेत.

"भाऊजींना सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं ना. म्हणाले, या गोष्टीकडे जरा उंचीवरून बघ."

आता भाऊजींबद्दल लिहिणं आलं. आजवर टाळत होते. संध्याकाळी दिव्यापुढे बसले की देवाला सांगायची, मला या माणसाचा तिरस्कार करायला लावू नकोस. देवाने काही ऐकलं नाही. त्याला याहून महत्त्वाची कामं असतील.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर, आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. गल्लीत त्यांना विहंगराव म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि ते खूश होतात, कारण हा मान आहे अशी त्यांची समजूत आहे. दुकानात कुणीही शिरलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "या, विहंगम दृश्यांच्या दुनियेत या." खिळे मागायला आलेल्या सुतारालाही त्यांनी एकदा हेच ऐकवलं होतं. तो म्हणाला, "येतो, पण आधी खिळे द्या."

दुकान जाऊबाईंच्या वडिलांचं. साधं फ्रेमचं दुकान. ते म्हातारबाबा हाताचे फार सच्चे होते. चित्र समोर ठेवायचे, चारही बाजूंनी मोजायचे, मग लाकडाला करवत लावायचे. भाऊजी त्यांच्याकडे नोकरीला लागले तेव्हा परीक्षेत दोनदा आपटून घरी बसले होते आणि सगळ्या जगाला नावं ठेवत होते. जावई झाले आणि पुढे दुकानाचे मालक. मालक झाल्यावर त्यांनी पहिली सुधारणा ही केली की फ्रेमा तयार मापाच्या घाऊक मागवायच्या आणि चित्र त्या मापाला कापायचं. सासऱ्यांचं उलटं. म्हातारबाबा तेव्हा हयात होते. त्यांनी दुकानात येणं हळूहळू बंद केलं.

त्यानंतर एका बंद पडलेल्या छापखान्याच्या भंगारात भाऊजींना ती चित्रं सापडली. शिळाछाप चित्रं, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, निरनिराळ्या शहरांची. वरून, आकाशातून दिसावं तसं सगळं शहर एका कागदावर: नदी, पूल, घरांच्या रांगा, धुराडी, रस्त्यातल्या घोडागाड्या नखाएवढ्या. मलाही ती आवडतात, खोटं कशाला बोलू. त्या काळी विमान नव्हतं. चित्रकार पायी फिरायचा, गल्ली न् गल्ली, एकेका घरापुढे उभं राहून त्याची दारं-खिडक्या कागदावर उतरवायचा. मग खोलीत बसून, आपण उंचावर आहोत असं मनाशी धरून ते सगळं एकत्र मांडायचा, आणि गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने काढून त्यावरून छाप घ्यायचा. म्हणजे पक्ष्याच्या नजरेच्या त्या चित्रासाठी माणसाला आधी मुंगीसारखं हिंडावं लागे. भाऊजींनी यातला पक्षी तेवढा घेतला. मुंगी त्यांच्या गावीही नाही.

आमचं गाव सोडलं तर त्यांतलं एकही शहर त्यांनी पाहिलेलं नाही. पाहायची इच्छाही नाही. "जमिनीवरून काय दिसतं?" ते म्हणतात. "समोरच्याची पाठ." बायकांच्या वाचनालयात त्यांचं एकदा भाषण झालं, विषय 'उंचीवरून पाहण्याची कला'. आम्ही सगळ्या मान डोलावत होतो, कारण नंतर चहा होता. आणि हा माणूस स्टुलावर चढू शकत नाही. दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला की त्यांना घेरी येते, ओठ पांढरे पडतात. दुकानातली सगळी शहरं भिंतीवर टांगली आहेत जाऊबाईंनी. त्या वर चढतात, हे खाली उभे राहून सांगतात, "डावीकडे. अजून डावीकडे. अगं, शहर आहे ते, टॉवेल नाही."

वरून बघायचा खरा हक्क एकालाच आहे असं मी मानते, आणि त्याने त्याची कधी फुशारकी मारल्याचं ऐकिवात नाही.

चित्रं होती काळ्या शाईची, फार तर फिकट पिवळसर झाक असलेली. तशी ती खपेनात. गिऱ्हाईक म्हणे, छान आहे पण उदास वाटतं. तेव्हा भाऊजींनी रंगपेटी आणली आणि सकाळचं ऊन चांगलं येतं म्हणून माझ्या जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं. माझ्या बशांमध्ये रंग कालवले. नदी निळी, कौलं विटकरी, आणि जिथे म्हणून मोकळी जागा दिसेल तिथे झाड. अंगण दिसलं, झाड. मैदान दिसलं, झाडांची रांग. दोन घरांमध्ये बोटभर पांढरं राहिलं, त्यातही एक झाड कोंबायचं. ते झाड काढायची त्यांची पद्धत अशी की ब्रशचं टोक तीनदा टेकवायचं आणि वर डिंकाचं पाणी फिरवायचं, म्हणजे चकाकतं. एकदा मी पाहिलं, एका गल्लीतून टोपीवाला माणूस चालला होता. त्याच्यावरच झाड बसलं. टोपी तेवढी फांदीला लटकून राहिली.

"भाऊजी, तो माणूस गेला," मी म्हणाले.

"सावलीत गेला," ते म्हणाले.

आमचे हे एकदा ती चित्रं न्याहाळत बसले आणि म्हणाले, "दादा, तुझ्या शहरात आग लागली तर बंब कुठून येणार? गल्लीच ठेवली नाहीस एकही."

"तुला सौंदर्यदृष्टी नाही," भाऊजी म्हणाले.

"नाही खरी. पण मला घराबाहेर पडावं लागतं रे अधूनमधून."

खरंच, त्या शहरांतली माणसं घरात जन्मत असतील आणि घरातच मरत असतील. रंगवून झालं की चित्राच्या खालची पट्टी कापायची. त्या पट्टीत आकडे आणि नावं असत, कुठल्या आकड्याची इमारत कोणती, रस्ता कोणता, हे सांगणारी. ती फ्रेमच्या मापात बसत नसे. आणि शेवटी मागे एक छापील चिठ्ठी डकवायची: 'अस्सल प्राचीन शिळाछाप, मूळ रंगांसह.' खाली त्यांची सही, तीही पक्षी उडाल्यासारखी.

डॉक्टर, वकील, शाळांचे संचालक, सगळ्यांनी ती घेतली. आमच्या स्वतःच्या गावाचं त्यांत एकच चित्र होतं, आणि ते घेतलं गोदामवाल्याने. त्याच्या ऑफिसात खुर्चीच्या मागे लावलं. तेव्हापासून भाऊजी त्याला 'रसिक' म्हणतात.

तर त्या रसिकाने बोळाला दार लावलं.

पहिले दोन दिवस मी डबा घेऊन वळशाने गेले. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी सगळी गाणी म्हटली, देवाची शपथ घातली, तिच्या मुलीच्या आवाजात बोलून पाहिलं. ती भोळी नाही. मग जाऊबाई स्वतः निघाल्या, पुलाच्या कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. पोचेपर्यंत डबा गार, म्हातारी झोपलेली. एक दिवस जात, दुसऱ्या दिवशी पाय सुजलेले असत. नर्सने सांगितलं, असंच चाललं तर रुग्णालयात हलवून नाकातून नळी घालावी लागेल. जाऊबाईंनी ते ऐकून घेतलं आणि मोजणी कार्यालयात अर्ज केला. आयुष्यात पहिल्यांदा, आणि भाऊजींना न विचारता.

कार्यालयातून एक बाई आल्या. मध्यम वयाच्या, पायांत मळके बूट, गळ्यात दोरीला भिंग. त्यांनी बोळ बघितला, कुलूप बघितलं, भिंतीला हात लावून बघितला. मग गोदामवाल्याच्या ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. जाऊबाई आणि मी गेलो. जाऊबाईंनी डबा बरोबर घेतला होता. कुलूप उघडलंच तर परत घरी यायला नको म्हणून. आत बघतो तर भाऊजी आधीच बसलेले. अंगात लग्नाचा कोट. गोदामवाल्याने त्यांना जाणकार म्हणून बोलावलं होतं.

तसं सकाळीच जाऊबाईंनी त्यांना विचारलं होतं. मी जिन्यात होते, ऐकू आलं. "आज सांगाल ना, तिथे वाट होती म्हणून?" आणि ते म्हणाले, "जे योग्य ते सांगेन." जाऊबाईंनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. एवढ्या वर्षांच्या संसारानंतरही. माणसाने किती आशा धरावी याला काही माप नाही.

"माझ्याकडे जुने नकाशे नाहीत," मोजणीच्या बाई म्हणाल्या. "पुरात आमच्या दप्तराचा लगदा झाला. तेव्हा कुणाकडे काही जुनं असेल तर दाखवा."

"कागद कशाला हवेत," गोदामवाला म्हणाला. हा माणूस बोलताना नेहमी हसतो, दात मात्र दाखवत नाही. "चित्रच आहे. बघा, ही माझी जागा. आणि ही तिथली झाडं. वाट असती तर झाडं असती का मधोमध? बाग होती ती, आमच्या पूर्वजांची. आता बागेतून कुणी ये-जा करत असेल, तर तो आमच्या माणसांचा चांगुलपणा."

मी चित्राकडे पाहिलं. आमच्या बोळाच्या जागी तीन टेकवण्यांचं एक झाड, त्याच्यापुढे अजून एक, अशी पार आश्रमापर्यंत रांग. वर डिंक. चकाकत होती. ती माझ्या बशीतून निघालेली झाडं होती. त्या बशीच्या कडेचा हिरवा रंग अजून गेलेला नाही.

बाईंनी चित्र खाली घ्यायला सांगितलं. ते उंचावर होतं. कोपऱ्यातलं स्टूल पुढे आलं आणि सगळ्यांनी जाणकाराकडे पाहिलं. जाणकार कोटाची बटणं चाचपू लागले. शेवटी जाऊबाईंनी डबा माझ्याकडे दिला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या सुजलेल्या गुडघ्यांनी वर चढल्या. चित्र त्यांनीच काढून दिलं. भाऊजींनी ते खाली झेललं आणि लगेच त्यांना कंठ फुटला.

"विहंगम दृश्य म्हणजे," ते म्हणाले, "केवळ चित्र नव्हे. ती एक भूमिका आहे."

"मागची बाजू उघडता का?" बाई म्हणाल्या.

भाऊजींनी पकडीने बारीक खिळे उपटले, पुठ्ठा काढला, काच बाजूला ठेवली. बोलणं चालूच होतं. बाईंनी चिठ्ठी वाचली, मग चित्र टेबलावर पसरून भिंग लावलं आणि बराच वेळ वाकून राहिल्या.

"अशा चित्रांना खाली आकड्यांची यादी असते ना?"

"असते."

"हिची कुठे आहे?"

"ती फ्रेमच्या मापात बसत नव्हती."

"मग?"

भाऊजी छताकडे बघू लागले. उत्तर जाऊबाईंनी दिलं. "कापली, बाई. कचऱ्याच्या डब्यात टाकली. मीच केर काढला."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. "ठीक. आता मला एकच सांगा. ही झाडं मूळ चित्रातली आहेत का?"

अगदी सोपा प्रश्न होता. खोलीतल्या पाचांपैकी तिघांना उत्तर माहीत होतं. भाऊजींनी गोदामवाल्याकडे पाहिलं. टेबलावरच्या पुठ्ठ्याला डकवलेल्या चिठ्ठीकडे पाहिलं, स्वतःच्या सहीकडे. 'नाही' म्हटलं तर गावातल्या प्रत्येक दिवाणखान्यातली चिठ्ठी खोटी ठरणार होती, हे मला त्यांच्या मानेवरच्या घामावरून दिसलं. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती नुसती उभी होती, स्टुलाला धरून. तिची आई भिंतीपलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर उपाशी होती, हेही त्यांना माहीत होतं.

"हो," भाऊजी म्हणाले. "मूळच."

मी आयुष्यात पुष्कळ खोटं ऐकलं आहे. भीतीपोटी बोललेलं, लाजेपोटी बोललेलं, पोरांचं, नवऱ्याचं, स्वतःचंही. पण सासूच्या तोंडचा घास काढून आपली सही झाकणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि तो घासही त्याच म्हातारीचा, जिच्या नवऱ्याच्या दुकानाच्या कमाईवर याने कोट शिवून घेतला. मी तोंड उघडणार होते. जमेल तेवढं सगळं एका दमात बोलणार होते. पण जाऊबाईंनी माझ्या हातातल्या डब्याला बांधलेला रुमाल सोडला.

"बाई, मला जरा बघू द्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी टेबलावरच्या बाटलीतलं पाणी रुमालाच्या टोकाला लावलं, पिळलं, आणि त्या टेबलावर वाकल्या. कुणाला काही समजायच्या आत त्या पहिल्या झाडावरून रुमाल फिरवू लागल्या. जोर न लावता, गोल गोल. त्या आईचं तोंड पुसतात तसं.

"अगं, अगं," भाऊजी म्हणाले. "रंग आहे तो."

"रंगच आहे," जाऊबाई म्हणाल्या. "चित्र खाली आहे."

गोदामवाला उठला. "बाई, माझी वस्तू खराब करतायत ह्या."

"थांबा," मोजणीच्या बाई म्हणाल्या, आणि भिंग घेऊन जाऊबाईंच्या शेजारी वाकल्या.

हिरवा रंग रुमालावर आला. खाली थोडा हिरवट डाग राहिला, पण काळ्या रेघा जिथल्या तिथे होत्या. झाडं एकामागून एक गेली आणि आमचा बोळ दिसू लागला. दोन भिंती, मधे दगडी पायऱ्या. आता त्या झिजून गेल्या आहेत, पण पावसाळ्यात पाय घसरतो तो तिथेच. बोळाच्या मधोमध एक माणूस हातगाडी ढकलतोय. समोरून एक बाई टोपली घेऊन आली आहे आणि तिने भिंतीला पाठ लावली आहे, त्याला जाऊ द्यायला. एवढीशी, तांदळाच्या दाण्याएवढी. तो चित्रकार, कोण होता देव जाणे, इथे उभा राहिला होता.

"शिळेची शाई तेलकट असते, पाण्याने जात नाही," बाई म्हणाल्या. "एवढं मलाही माहीत आहे." मग भाऊजींकडे वळल्या. "आता बोला."

भाऊजींचा चेहरा स्टुलाच्या दुसऱ्या पायरीवर असल्यासारखा झाला होता. "तो हिरवा," ते म्हणाले, "माझा आहे."

वाटलं, संपलं. आता हा माणूस गप्प बसेल, आणि निदान एक दिवस मला त्याची कीव येईल. पण श्वास घेऊन ते पुढे म्हणाले, "संरक्षक थर होता तो. नाजूक भाग झाकून ठेवायची पद्धत असते. वेळ आल्यावर काढायचा."

गोदामवाल्याने चिठ्ठीवर बोट ठेवलं. "विहंगराव, मूळ रंगांसह म्हणून दिलंत की मला. सही आहे तुमची."

"मूळ रंग म्हणजे, ज्या रंगांची मूळ चित्राला अपेक्षा होती ते."

मोजणीच्या बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हे बघा, चित्रावर मी सगळा भरवसा ठेवणार नाही. चित्रकाराने आपल्या नदीत शिडाची जहाजं काढली आहेत. इथे होडी चालत नाही धड. दुसरी प्रत कुठे मिळते का ते शोधायला लागेल, यादीसकट." गोदामवाल्याच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. "पण तुमचा दावा झाडांवर उभा होता," त्या म्हणाल्या, "आणि झाडं या रुमालावर आहेत. निकाल लागेपर्यंत कुलूप काढा. आत्ता."

नोकर किल्ली घेऊन आला. जाऊबाईंनी डबा माझ्या हातून घेतला. रुमाल नव्हता म्हणून पदराने धरला आणि निघाल्या. मी मागोमाग. भाऊजी काच पुसत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही.

म्हातारी जागी होती. लेकीला पाहून तिने तोंड उघडलं. सगळा डबा संपवला आणि चमचा दातांत धरून ठेवला, सोडेना. जाऊबाई म्हणाल्या, "आई, चमचा माझा आहे, उद्या लागेल." तेव्हा कुठे सोडला. मी देवाचं नाव घेतलं. त्या दिवशी ते कशासाठी घेतलं हे मला नीट ठाऊक होतं.

आता एखाद्याला वाटेल, भाऊजी सुधारले असतील. मलाही दोन दिवस तशी आशा होती. तिसऱ्या दिवशी पाव आणायला गेले तर बेकरीवाला म्हणतो, "वा, तुमच्या विहंगरावांनी बोळ वाचवला म्हणे. चित्राच्या आत दडलेली वाट त्यांनीच शोधून काढली." मी विचारलं, कुणी सांगितलं? म्हणाला, "त्यांनीच." न्हावीही तेच म्हणाला, आमच्या ह्यांना, दाढी करता करता. वाचनालयाच्या बायकांनी नव्या भाषणाचं आमंत्रण दिलं आहे, आणि विषय त्यांनी स्वतः सुचवला आहे: 'थरांखालचं शहर'. चहा असेल म्हणे.

मी जाऊबाईंना म्हणाले, "ताई, तुम्ही काहीच बोलत नाही?"

त्या बोळातून परतत होत्या, डबा काखोटीला. "काय बोलायचं," त्या म्हणाल्या. "फुगा आहे तो. टाचणी लावली तर आवाज व्हायचा, आई दचकायची. राहू दे." आणि थोडं थांबून, "मात्र कालपासून मी दुकानात स्टुलावर चढत नाही. म्हटलं, गुडघे दुखतात. दोन शहरं जमिनीवर उभी आहेत, भिंतीला टेकून."

"मग?"

"मग काय, लोक वाकून बघतात."

फुशारकीचा परिणाम मात्र भाऊजींच्या ध्यानात आला नव्हता. चित्राखाली काही दडलेलं असतं म्हटल्यावर ज्यांच्या ज्यांच्या भिंतीवर शहर आहे ते सगळे जागे झाले. वकिलाला आपल्या चित्रातल्या शहरात आजोळ शोधायचं आहे. संचालकबाईंना त्यांच्या चित्रातल्या शहरात माहेरच्या घराच्या जागी आधी काय होतं ते हवं आहे. जो तो म्हणतो, विहंगराव, आमचाही थर काढून द्या, वेळ आली आता. नाही म्हणावं तर थर खोटा ठरतो, हो म्हणावं तर आपल्याच हाताने रंगवलेलं सगळं आपल्याच हाताने पुसायचं, आणि गिऱ्हाईक शेजारी उभं राहून रुमालाकडे बघणार. काल संध्याकाळी ते माझ्या दारात आले, हातात माझीच हिरव्या कडेची बशी. पाण्यासाठी हवी होती म्हणे.

"घ्या," मी म्हणाले. "या बशीला सवय आहे."

त्यांनी मऊ कापड आहे का, विचारलं. मी जुना अभ्रा फाडून दिला. देवाला मी सांगितलं आहे की यात माझ्या मनात काहीही वाईट नव्हतं, आणि त्याने विश्वास ठेवला असेल तर तो फारच मोठ्या मनाचा आहे.

उद्या सकाळी नऊ वाजता त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत लावलेल्या चित्रावरची झाडं पुसायला.